काटापावतीवर न छापलेला आकडा

गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या काट्यावर दिवसरात्र एकच दृश्य चालू असते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो, पडद्यावरचा आकडा थोडा हलतो, स्थिरावतो आणि पावती निघते. पावतीवर तीन वजने असतात. भरलेल्या गाडीचे वजन, मोकळ्या गाडीचे वजन आणि दोन्हींतल्या फरकाचे म्हणजे उसाचे निव्वळ वजन. सगळ्यांचे डोळे या तिसऱ्या आकड्यावर खिळलेले असतात, कारण शेतकऱ्याचे बिल, तोडणी टोळीची मजुरी, मुकादमाचे कमिशन आणि वाहतूकदाराचे भाडे त्याच्यावरच ठरते. ‘काटामारी’ (काट्यावर वजन कमी दाखवणे) हा शब्द महाराष्ट्राच्या राजकारणात घट्ट रुजला तो यामुळेच. शेतकरी संघटनांनी त्याविरुद्ध आंदोलने केली, वैधमापन खात्याची भरारी पथके फिरली, काटे तपासले गेले, आणि ते योग्यच झाले. पण त्याच पावतीवरच्या पहिल्या आकड्याकडे, म्हणजे भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाकडे, कुणीच पाहत नाही. या गाडीने रस्त्यावर किती वजन नेणे कायद्याने आणि यंत्राच्या कुवतीने चालते, हा चौथा आकडा पावतीवर छापलेलाच नसतो. तो छापावा, आणि त्यापुढच्या प्रत्येक टनाचे वाहतूक भाडे कारखान्याने कुणालाही देऊ नये, असे माझे म्हणणे आहे. ऊस वाहतुकीतला ओव्हरलोड आरटीओच्या नाक्यावर थांबवता येत नाही. तो थांबेल कारखान्याच्या काट्यावरच.

वाहतुकीच्या धंद्यातली माणसे गाडीचे ‘पासिंग’ किती, असे विचारतात. प्रत्येक मालवाहू वाहनाच्या आणि ट्रेलरच्या नोंदणी प्रमाणपत्रावर मोकळे वजन आणि कमाल एकूण वजन नोंदलेले असते. दोन्हींतला फरक म्हणजे पासिंग. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 113 सांगते, की नोंदलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त भार घेऊन वाहन चालवता येणार नाही, आणि कुणाला चालवायला लावता किंवा चालवू देताही येणार नाही. एकेका ॲक्सलवर पडणाऱ्या भारालाही वेगळी मर्यादा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 खाली दंड 20 हजार रुपये, अधिक प्रत्येक जादा टनामागे 2 हजार. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही आणि उतरवण्याचा खर्चही दोषी माणसाकडूनच घ्यायचा. कायदा कच्चा आहे असे कुणाला म्हणता येणार नाही. पण पासिंग ही सरकारने कर आणि दंड गोळा करण्यासाठी आखलेली रेघ आहे, ट्रॅक्टरची खरी ताकद त्याहून कितीतरी जास्त असते, ही समजूत फडापासून कारखान्याच्या शेतकी विभागापर्यंत पक्की बसली आहे. ती खोडून काढल्याशिवाय दंडाची चर्चा निरर्थक आहे.

‘ट्रॅक्टर ओढतोय ना, मग झाले तर!’ हा युक्तिवाद अर्धा खरा आहे, म्हणूनच तो घातक आहे. ट्रॅक्टर ओढतो, आणि पुष्कळ ओढतो. पन्नास अश्वशक्तीचे इंजिन लहान गिअरमध्ये घातले की वेग कमी होतो आणि चाकाशी मिळणारे बळ अनेक पटींनी वाढते. स्वतः अडीच टनांचा ट्रॅक्टर त्याच्या दहापट ओझे सपाट डांबरी रस्त्यावरून नेऊ शकतो, कारण सपाटीवर टायर फिरते ठेवायला ओझ्याच्या दीड-दोन टक्के एवढेच बळ पुरते. मात्र गिअर बदलून ओढण्याची ताकद वाढते, तशी थांबवण्याची ताकद वाढत नाही. ती टायरच्या रस्त्यावरच्या पकडीतून येते आणि पकड ठरते ब्रेक असलेल्या चाकांवर पडलेल्या भाराने. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असतात. ट्रॉल्यांना ब्रेक नसतील किंवा असून चालत नसतील, तर सगळे ओझे थांबवण्याचे काम त्या दोन चाकांवर येते. चालक उतारावर गिअरमध्ये गाडी ठेवून इंजिनाचा ब्रेक लावतात, पण तोही त्याच दोन चाकांतून रस्त्यावर उतरतो. त्यामुळे पकडीची मर्यादा तीच राहते.

हिशेब मांडून पाहू. उदाहरणापुरते धरू या, की ट्रॅक्टर अडीच टनांचा, दोन मोकळ्या ट्रॉल्या मिळून साडेचार टनांच्या आणि ऊस 18 टन, म्हणजे एकूण 25 टन. ट्रॉल्यांना चालू ब्रेक नाहीत. हुकावर येणारा भार धरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर अडीच टन आहेत. कोरड्या डांबरावर ही चाके जास्तीत जास्त दीड टन बळाने गाडी अडवू शकतील. सगळ्या टायरांचा फिरण्याचा विरोध आणखी सुमारे 0.4 टन. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणारी ही गाडी सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साधारण 21 मीटरवर थांबेल. आता त्याच ट्रॉल्यांत 7 टन ऊस जादा चढवला आणि एकूण वजन 32 टन झाले. सपाटीवर थांबायला 25 मीटर लागतील. फरक चारच मीटरचा! हाच फरक चालक रोज अनुभवतो, आणि त्यामुळे सात टनांनी विशेष काही बिघडत नाही असा त्याचा प्रामाणिक समज होतो.

हीच गाडी पुलाच्या किंवा कालव्याच्या उतारावर आणा. 20 मीटरला 1 मीटर उतरणारा रस्ता, आपल्याकडे अगदी साधा म्हणावा असा. तिथे 25 टनांना खाली खेचणारे बळ सव्वा टन होते. अडवणाऱ्या 1.9 टनांतून ते वजा केले तर हातात उरते जेमतेम 0.65 टन, आणि गाडी थांबते सुमारे 60 मीटरवर. 32 टनांची गाडी त्याच उतारावर सव्वाशे मीटर जाईल. वजन 28 टक्क्यांनी वाढले, थांबण्याचे अंतर दुपटीहून जास्त झाले. उतार थोडा तीव्र केला, 15 मीटरला 1 मीटर, तर 25 टनांची गाडी लांब घसरत का होईना, थांबते. 32 टनांच्या गाडीत खाली खेचणारे बळ अडवणाऱ्या बळापेक्षा मोठे होते. ती थांबत नाही, उलट वेग घेते. चालकाने पाय कितीही दाबला, त्याचे कौशल्य कितीही असले, तरी इथे ते उपयोगी पडत नाही. आणि हे सगळे कोरड्या डांबराचे गणित आहे. शेतातून आलेल्या टायरांबरोबर रस्त्यावर सांडलेला ओला चिखल, झिजलेले टायर, चालकाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत जाणारा एखादा सेकंद, यांपैकी काहीही मी यात धरलेले नाही. वर्षभर सपाट रस्ता चालकाला जे शिकवतो, ते एका उतारावर पूर्ण खोटे ठरते. सुरक्षित मर्यादा अनुभवावर सोडता येत नाही, ती आधीच मोजून ठरवावी लागते, याचे कारण हे आहे.

थांबण्याखेरीज आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वळणे. दोन चाकी ट्रॉलीत ऊस धुऱ्याच्या पुढे जास्त रचला गेला तर ट्रॉलीचे तोंड हुकावर दाबते, ट्रॅक्टरचा मागचा भाग दबतो आणि पुढची चाके हलकी होतात. चढावर तर ती रस्ता सोडून उचललीही जातात. बॉनेटवर माणसे बसवून किंवा पुढे वजने टांगून ट्रॅक्टर चढ चढवल्याचे प्रकार ऊस पट्ट्यात कुणाला नवे नाहीत, आणि कौतुकाने पाहिले जातात. पण पुढचे चाक हलके होणे म्हणजे स्टिअरिंग असूनही दिशा हातात नसणे. उतारावर याच्या उलट घडते. मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलू लागतात आणि वळणावर त्याला आडवा करतात. ट्रॅक्टरच्या ब्रेकची रचनाही इथे लक्षात घ्यावी लागते. शेतात आखूड जागेत वळता यावे म्हणून डाव्या आणि उजव्या चाकाला वेगवेगळे ब्रेक पॅडल दिलेले असतात आणि रस्त्यावर येताना ती दोन्ही एका खिट्टीने जोडायची असतात. ती खिट्टी लावायची राहिली आणि घाईत पाय एकाच पॅडलवर पडला, तर एकच चाक अडते आणि तीस टनांचे शेपूट मागे असलेला ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. मोकळ्या ट्रॅक्टरला ही चूक पचते. भरलेल्या डबल ट्रॉलीला ती पचत नाही. वजन वाढते तसतशी साध्या मानवी चुकीला मिळणारी माफी कमी होत जाते.

रस्त्याचे नुकसान हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण एक नियम सांगायलाच हवा. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी अखंड फिरवून चाचण्या झाल्या. त्यांतून निघालेला निष्कर्ष आजही जगभर, आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या रस्ते-आराखड्यातही, आधाराला घेतला जातो. ॲक्सलवरचा भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार 20 टक्के जादा तर झीज दुप्पट, 50 टक्के जादा तर पाचपट. गावाला जोडणारा रस्ता हंगाम संपता संपता उखडतो, आणि मग पुढचे सात-आठ महिने त्याच रस्त्यावरून शाळेची बस, दुधाची गाडी आणि दवाखान्यात निघालेला रुग्ण धक्के खात जातो. ज्यांनी त्या जादा टनांचे पैसे घेतले, त्यांच्याकडून या रस्त्याची दुरुस्ती वसूल होत नाही.

मग माणसे इतके भरतात का? लोभ हे उत्तर सोपे आहे आणि बव्हंशी चुकीचे आहे. या साखळीत प्रत्येकाला टनावर पैसे मिळतात. टोळीला टनावर, मुकादमाला टनावर, वाहतूकदाराला टन आणि अंतर यांवर. वाहतूकदाराने हंगामाआधीच टोळीसाठी मुकादमाला लाखांच्या उचली दिलेल्या असतात, त्यातली टोळी आली नाही तर पैसे बुडालेले असतात, ट्रॅक्टर-ट्रॉलीचे हप्ते चालू असतात, आणि हे सगळे चार-पाच महिन्यांत फेडायचे असते. त्यावर आणखी एक गोष्ट आहे, जिची चर्चा फार कमी होते. कारखान्याच्या आवारात भरलेल्या गाड्यांची रांग. गव्हाणीत ऊस कधी कमी पडू नये म्हणून आवार गाड्यांनी भरलेले ठेवण्यात कारखान्याची सोय आहे, कारण गाळप एकदा थांबले की पुन्हा सुरू करणे महाग पडते. पण त्या सोयीची किंमत वाहतूकदार मोजतो. नंबर लागेपर्यंत गाडी तासन् तास, कधी अख्खी रात्र उभी राहते. दिवसाला दोन खेपा होण्याजोग्या असताना एकच होत असेल, तर माणूस त्या एका खेपेत दोन खेपांचा ऊस बसवायला पाहणारच. मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही अंगांनी लोंबतात, वर चढत जातात, दोर आवळले जातात. रिकाम्या वेळेची भरपाई अशी वजनातून होते. ओव्हरलोड चालकाच्या डोक्यात जन्मतो असे मानून चालकालाच दंड करत राहिलो, तर दर हंगामाला नवे चालक आणि जुनेच अपघात पाहत बसू.

आजची अंमलबजावणी का लागू पडत नाही, हेही यातून कळते. कायद्याने अधिकाऱ्याला संशय आल्यास गाडी अडवून जवळच्या काट्यावर नेता येते. रात्री-अपरात्री, गावरस्त्यांनी, शेकडो दिशांनी कारखान्याकडे येणाऱ्या ट्रॅक्टरांना हे करणार कोण आणि कितींना? 5 टन जादा असतील तर दंड 30 हजार रुपये होतो. एवढी रक्कम एका खेपेच्या भाड्याच्या कितीतरी पट आहे, म्हणून ती क्वचितच आकारली जाते. आकारली गेली तर गावात ओरड होते, आणि बऱ्याचदा ती तडजोडीला निमंत्रण ठरते. शंभर खेपांत एखादेवेळी बसणाऱ्या जबर दंडापेक्षा प्रत्येक खेपेला हमखास होणारे छोटे नुकसान माणसाचे वागणे लवकर बदलते. दंड भरला म्हणजे जादा वजन नेण्याचा परवाना मिळाला, हा समजही जुनाच आहे. काही राज्यांनी शुल्क घेऊन ओव्हरलोडला मुभा देणारी पद्धतच सुरू केली होती. ती 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात बेकायदा ठरवली आणि तडजोड शुल्क भरले तरी जादा माल उतरवलाच पाहिजे, असे बजावले. उसाच्या बाबतीत मात्र जादा माल कुठेच उतरत नाही. तो थेट गव्हाणीत जातो आणि त्याचे पूर्ण पैसे मिळतात.

कारखान्याचा काटा इथे निर्णायक ठरतो तो यामुळे. राज्यात 2021-22 च्या हंगामात 13 कोटी टनांहून अधिक ऊस गाळला गेला. यातला प्रत्येक टन कुठल्या ना कुठल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरून, वाहन क्रमांकासह नोंदला गेला आहे. इतका संपूर्ण आणि इतका विश्वासाने जपलेला वजनाचा पुरावा दुसऱ्या कुठल्या वाहतुकीत सापडेल? वाहन आणि ट्रेलर यांचे मंजूर वजन केंद्र सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी प्रणालीत असते. वाहतूक करार करतानाच कारखाना नोंदणीची कागदपत्रे घेतो, तेव्हा तो आकडा संगणकात एकदाच भरायचा आहे. पुढे काट्यावर गाडी चढली की पावतीवर मंजूर वजन आणि जादा वजन आपोआप छापले जावे. शेतकऱ्याला त्याच्या उसाचे पूर्ण पैसे मिळावेत, टोळीला तोडणीची पूर्ण मजुरी मिळावी, कारण दोघांचाही वाहतुकीशी संबंध नाही. फक्त जादा टनांचे वाहतूक भाडे दिले जाऊ नये. ते कारखान्याच्या खिशातही राहू नये, नाहीतर ओव्हरलोडमध्ये कारखान्याचाच फायदा होईल. त्या रकमेतून ट्रॉल्यांना ब्रेक, दिवे आणि रिफ्लेक्टर बसवण्याचा निधी करावा.

कारखाना म्हणजे वाहतूक पोलीस नव्हे, त्याच्यावर हे ओझे का, असा आक्षेप येईल. पण कायद्यातले शब्द पुन्हा वाचावेत: चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा. वाहतुकीचा करार कारखाना करतो, दर कारखाना ठरवतो, फडात चिठ्ठी देणारा चिटबॉय कारखान्याचा, गाडी किती वेळ उभी राहील हे कारखाना ठरवतो आणि गाडीने मर्यादा ओलांडल्याचे लेखी प्रमाणपत्रही तोच छापतो. एवढे सगळे हातात असलेल्याला ‘आमचा काही संबंध नाही’ म्हणता येणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत 2014 पासून लागू असलेल्या अवजड वाहन कायद्यात हीच भूमिका घेतली आहे. माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा आणि उतरवून घेणारा, या साऱ्यांवर वजनमर्यादेची जबाबदारी आहे, चालकाइतकीच. आपल्याकडे त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. गाळप परवाना दर हंगामाला पुण्याचे साखर आयुक्तालय देते. एक अट त्यात घालता येते.

फडात काटा नसतो, टोळीने वजन ओळखायचे कसे, हा प्रश्न व्यावहारिक आहे आणि त्याला उत्तरही तसेच आहे. त्याच ट्रॉलीचे आधीच्या खेपांचे वजन कारखान्याकडे असते. किती उंचीपर्यंत भरल्यावर किती टन बसतात, हे पाच-दहा खेपांत कळते. त्या उंचीवर ट्रॉलीच्या उभ्या खांबांना रंगाची ठळक रेघ मारावी. जात बदलली, ऊस वाळला की थोडाफार फरक पडेल, त्यासाठी काही टक्क्यांची सूट ठेवावी. मोळ्या चढवणाऱ्या बाईमाणसांना आज किती भरायचे हे कुणी सांगत नाही, ‘अजून बसतंय’ एवढेच सांगतात. रेघ असली की वाद घालायला त्यांच्याही हाती काहीतरी येईल. फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढताना शेवटचे थर सर्वांत उंच आणि सर्वांत धोक्याचे असतात, तेही यात टळतील.

सर्वांत वजनदार आक्षेप खर्चाचा आहे. कमी भरले तर खेपा वाढतील, डिझेल वाढेल, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरातून, वजा होत असल्याने शेवटी भुर्दंड शेतकऱ्यालाच. हे खोटे नाही. वाहतुकीचा प्रामाणिक खर्च आज मोजला जातो त्यापेक्षा जास्त आहे आणि तो उघड होईल. पण आजही तो खर्च कुणीतरी भरतोच आहे. फुटलेल्या टायरांत, मोडलेल्या धुऱ्यांत, उखडलेल्या रस्त्यांत आणि ज्या घरातला कमावता माणूस गेला त्या घरात. खर्च कमी करायचाच असेल तर त्याची जागा आवारातल्या रांगेत आहे. वेळ ठरवून गाड्या बोलावल्या, गटागटाने तोडणीचे नियोजन काटेकोर केले आणि उभे राहण्याचे तास कमी झाले, तर कायदेशीर वजनात जास्त खेपा होऊन वाहतूकदाराचे गणित जुळू शकते. ठरावीक तासांपेक्षा जास्त वेळ गाडी उभी ठेवली तर कारखान्याने थांबणावळ द्यावी, ही मागणी मी भाडेकपातीच्या अटीइतकीच महत्त्वाची मानतो. दोन्ही अटी एकत्र यायला हव्यात. पहिलीच लागू झाली आणि दुसरी राहिली, तर तो वाहतूकदारावर अन्याय होईल आणि त्याला मी विरोध करेन.

मर्यादाच जुनाट आहेत, त्या वाढवा, असेही म्हटले जाते. ट्रकांच्या बाबतीत सरकारने जुलै 2018 मध्ये हे केलेच. चार टायरांच्या एका ॲक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली, जोड ॲक्सलची 19 वरून 21 टन. त्या निर्णयावर मतभेद असू शकतात, पण निदान ट्रकाच्या प्रत्येक चाकाला ब्रेक असतो. जो टन वाढतो, तो आपल्याबरोबर स्वतःची पकड घेऊन येतो. ब्रेक नसलेल्या ट्रॉलीतला जादा टन फक्त ढकलतो. वर मांडलेल्या हिशेबात दोन्ही ट्रॉल्यांच्या सगळ्या चाकांना चालू ब्रेक धरले, तर त्याच 32 टनांची गाडी त्याच उतारावर काही मीटरांत थांबते. तेव्हा ट्रॉलीला ब्रेक बसवा, ते दरवर्षी तपासून घ्या, हुक आणि धुरा त्या भाराचे आहेत हे सिद्ध करा आणि मग मर्यादा वाढवून मागा. त्या मागणीला माझा पाठिंबा असेल. उसाचे ट्रकही त्याच काट्यावरून जातात, त्यांनाही हाच नियम. बैलगाड्यांच्या जागी आलेल्या छोट्या ट्रॅक्टरमागच्या अंगद गाड्यांनाही हाच.

हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम होते, पोलीस आणि आरटीओ अधिकारी गव्हाणीजवळ उभे राहून ट्रॉल्यांना लाल पट्ट्या चिकटवतात. ती चालूच राहिली पाहिजे, रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव तिने वाचतो. समोरच्या उतारावरून येणाऱ्या 32 टनांपुढे मात्र त्या पट्टीचा उपयोग नाही. गाळप परवान्यांचे अर्ज हंगामाआधी साखर आयुक्तालयात येतील, तेव्हा त्यांच्यासोबत प्रत्येक कारखान्याने मागच्या हंगामातल्या काटापावत्यांवरून वाहनवार भरलेले वजन आणि मंजूर वजन यांचा तक्ता जोडावा, आणि आयुक्तालयाने तो जाहीर करावा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवा माणूस लागत नाही. सारे आकडे कारखान्यांच्या संगणकात आजही पडून आहेत.